बैठकीतली डुलकी आणि ती पळवण्याच्या नाना युक्त्या

दुपारचे अडीच वाजलेले असतात. जेवणाचा डबा नुकताच रिकामा झालेला असतो. सभागृहाचे पडदे ओढून दिवे मंद केलेले असतात, वातानुकूलन यंत्राची संथ घरघर चालू असते आणि समोर तिमाही आढाव्याची सदतिसावी स्लाइड झळकत असते. एकूण स्लाइड्स चौऱ्याऐंशी आहेत, हे वक्त्याने सुरुवातीलाच प्रांजळपणे सांगितलेले असते. अशा वेळी टेबलाभोवती बसलेल्या मंडळींकडे नीट पाहिले तर मनुष्यस्वभावाचे मोठे मनोज्ञ दर्शन घडते. कुणी हनुवटी तळहातावर टेकवून गहन चिंतनात बुडाल्याचा आव आणतो. कुणी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने डोळे मिटून घेतो. कुणी वक्त्याच्या प्रत्येक वाक्याला नंदीबैलासारखी मान डोलावत असतो. ही मान संमतीने डोलते आहे की झोपेने, हे सांगणे मात्र कठीण!

कार्यालयीन बैठकीत कधीच डुलकी न आलेला नोकरदार शोधून सापडायचा नाही. सरकारी कचेरीतली आढावा बैठक असो, बँकेच्या शाखाधिकाऱ्यांची मासिक सभा असो की माहिती तंत्रज्ञान कंपनीतले सादरीकरण असो, निद्रादेवी कुणाशीही भेदभाव करीत नाही. गंमत अशी, की या डुलकीची आपण मनसोक्त थट्टा करतो. पण पकडले गेल्यावर शिक्षा मात्र खरीच भोगावी लागते. साहेब डुलले तर ते 'विचारमग्न' असतात आणि हाताखालचा माणूस डुलला तर तो 'कामचुकार' ठरतो. वर्षभर इमाने इतबारे राबलेल्या माणसाची ओळख दोन मिनिटांच्या झोपेवरून ठरावी, हा काही न्याय नव्हे. म्हणूनच ही झोप येते कशी, ती पळवण्याच्या युक्त्या कोणत्या आणि त्यांतल्या खरोखर उपयोगी कोणत्या, हे जरा तपशिलात पाहू या.

झोप येते कुठून?

बैठकीतल्या झोपेचे पहिले कारण बैठकीच्या खोलीत नसतेच. ते घरातल्या गजराच्या घड्याळात असते. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचे रसायन साचत जाते. जागरण जितके लांब, तितका हा साठा मोठा आणि तितकी झोपेची ओढ अधिक. रात्रीच्या पुरेशा झोपेत तो ओसरतो. प्रौढ माणसाने रोज किमान सात तास झोपावे, अशी शिफारस अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांनी २०१५ साली केली. आता बदलापूर, कर्जत किंवा विरारहून पहाटेची लोकल गाठणाऱ्या चाकरमान्याने हे सात तास आणायचे कुठून? रात्री अकराला पाठ टेकायची आणि साडेचारला उठायचे, म्हणजे हाती येतात साडेपाच तास. रोजची दीड तासाची उधारी पाच दिवसांत साडेसात तासांवर, म्हणजे अख्ख्या एका रात्रीवर जाते. त्यातली थोडी तो लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून फेडतो. उरलेली वसुली बैठकीत होते.

दुसरे कारण शरीरातल्या घड्याळाचे. दिवसातून दोनदा आपली सतर्कता ओसरते. एकदा उत्तररात्री आणि दुसऱ्यांदा, थोड्या सौम्य प्रमाणात, दुपारी एक ते चारच्या दरम्यान. सगळा दोष आपण राइस प्लेटला देतो. पण जेवण केले नाही तरी ही दुपारची सुस्ती येतेच. भरपेट भात आणि वर श्रीखंड असेल तर ती अधिक गडद होते, इतकेच. आपल्या पूर्वजांनी हे ओळखून वामकुक्षीला दिनचर्येत मानाचे स्थान दिले होते. पुण्यातल्या दुकानदारांनी 'दुपारी १ ते ४ बंद' ही पाटी लावून त्याच शास्त्राचा मान राखला आणि त्याबद्दल उभ्या महाराष्ट्राचे टोमणे सोसले. खुद्द चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडे ठेवायचे ठरवले, तेव्हा ती वृत्तपत्रांत बातमी झाली होती! शरीरातले घड्याळ मात्र अजून जुन्याच वेळापत्रकावर चालते.

तिसरे कारण खोलीतली हवा. बाहेरच्या हवेत दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. दारे-खिडक्या बंद करून पंधरा माणसे तासभर उच्छ्वास सोडत बसली, की हे प्रमाण हजाराच्या पुढे सहज जाते. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली २२ जणांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की हे प्रमाण ६०० वरून १,००० वर नेल्यावर निर्णय घेण्याची क्षमता घटते आणि २,५०० वर ती आणखी ढासळते. पुढच्या काही प्रयोगांत परिणाम इतका ठळक आढळला नाही, हेही खरे. पण कोंदट खोलीत डोके जड होते आणि दार उघडताच हुशारी येते, हा अनुभव प्रयोगशाळेची वाट पाहत थांबलेला नाही.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे: रिकामपण. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्या सैनिकांच्या हातून खुणा निसटत, त्याचे कारण त्यांना शोधायचे होते. त्यांनी एक घड्याळ तयार केले. त्याचा काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरके आणि क्वचित एखादा टप्पा गाळून उडी मारी. ती उडी टिपायची, एवढेच काम. पहिल्या अर्ध्या तासानंतरच निरीक्षकांच्या चुका वाढू लागल्या. ज्यांच्या लक्ष देण्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते, त्यांच्या कामाचीही ही गत; मग दुसऱ्या विभागाच्या स्टेशनरी खर्चाचा तक्ता पाहणाऱ्याने दोन तास टक्क जागे राहावे, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का? हाताला आणि डोक्याला काम नसेल, तर शरीर झोपेचा पर्याय निवडते. खालच्या सगळ्या युक्त्यांचे मर्म या एका गोष्टीत आहे.

पहिली युक्ती : वहीच्या कडेला नक्षी

बैठकीत वहीच्या समासात चौकोन, वेली, पाने-फुले काढणाऱ्याला आपण लक्ष नसलेला समजतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड यांनी २००९ साली ४० जणांना दूरध्वनीवरचा एक मुद्दाम कंटाळवाणा केलेला निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावर छापलेल्या आकृत्या पेन्सिलीने भरायला सांगितले. नंतर विचारल्यावर या 'रंगाऱ्यां'ना इतरांपेक्षा २९ टक्के अधिक तपशील आठवले. हाताला हलके काम मिळाले की मन दिवास्वप्नांच्या वाटेला फारसे जात नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. तेव्हा खुशाल रांगोळी काढावी. पथ्य एकच: समोरच्या साहेबांचे व्यंगचित्र काढू नये. ते हुबेहूब साधू लागले की लक्ष सारे चित्राकडे जाते आणि शेजाऱ्याला हसू आवरत नाही.

दुसरी युक्ती : शब्दांची हौजी

गणेशोत्सवातल्या मंडपात किंवा सोसायटीच्या गच्चीवर खेळली जाणारी हौजी आपल्याला ठाऊक आहे. तिचा कार्यालयीन अवतार १९९३ साली सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकी कंपनीतले शास्त्रज्ञ टॉम डेव्हिस यांनी तयार केला. चौकटीत आकड्यांऐवजी बैठकांत हमखास येणारे गुळगुळीत शब्द लिहायचे आणि वक्त्याने ते उच्चारले की खूण करायची. पुढे १९९४ साली 'डिल्बर्ट' या व्यंगचित्रमालिकेने हा खेळ घरोघरी पोहोचवला. अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष अल गोर १९९६ साली एमआयटीच्या पदवीदान समारंभात भाषणाला उभे राहिले, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या लाडक्या शब्दांची तिकिटे आधीच वाटून ठेवली होती.

आपल्याकडे या खेळाला कच्च्या मालाची ददात नाही. खासगी कंपनीत 'सिनर्जी', 'अलाइनमेंट', 'डीप डाइव्ह', 'पॅराडाइम शिफ्ट', 'विन-विन' हे शब्द पहिल्या वीस मिनिटांत लाभतात. सरकारी बैठकीसाठी तिकीट वेगळे छापावे लागेल: 'युद्धपातळीवर', 'सकारात्मक विचार', 'योग्य ती कार्यवाही', 'तपासून सादर करावे', 'वस्तुस्थितीदर्शक अहवाल' आणि 'तत्त्वतः मान्यता'. या खेळाचा छुपा फायदा असा, की शब्द टिपण्यासाठी भाषण कान देऊन ऐकावे लागते. एखादे वेळी भाषणात अर्थही असल्याचे ध्यानात येते! मात्र 'फुल हाउस' झाल्यावर ओरडायचे नाही. फक्त घसा खाकरायचा.

तिसरी युक्ती : इतिवृत्त अंगावर घ्या

बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम सगळे टाळतात. खरे तर जागे राहण्याचा तो राजमार्ग आहे. कोण काय म्हणाले, काय ठरले, कुणी कधीपर्यंत करायचे, हे टिपणाऱ्याला डुलकी घ्यायला फुरसत नसते. शिवाय इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या हातात एक सूक्ष्म सत्ता येते. दीड तासाच्या वादावादीतून नेमके काय निष्पन्न झाले, हे तोच ठरवतो. कुणाच्या अडतीस मिनिटांच्या निवेदनाची 'सविस्तर चर्चा झाली' या तीन शब्दांत बोळवण करायची, हाही त्याचाच अधिकार.

चौथी युक्ती : एक तरी प्रश्न

सुरुवातीलाच मनाशी ठरवावे की आज आपण एक प्रश्न विचारणार. मग तो शोधण्यासाठी ऐकावे लागते, विचारण्यापूर्वी छाती थोडी धडधडते आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत झोप जवळ फिरकत नाही. धडधडणारी छाती हे चहापेक्षा प्रभावी उत्तेजक आहे. इथे सहकाऱ्यांच्या भावनांचा विचार मात्र हवा. 'आणखी कुणाला काही विचारायचे आहे?' असे अध्यक्षांनी म्हटल्यावर सगळ्यांनी वह्या मिटलेल्या असतात, खुर्च्या मागे सरकलेल्या असतात. त्या क्षणी हात वर करणारा माणूस जागा राहतो हे खरे. परंतु त्याला पुढचे कित्येक दिवस एकट्याने डबा खावा लागतो.

पाचवी युक्ती : चहाची वेळ साधा

कॅफीन मेंदूतल्या ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसते, त्यामुळे झोपेचा निरोप तात्पुरता पोहोचत नाही. पण ते रक्तात मिसळून कामाला लागायला साधारण अर्धा तास लागतो. म्हणून डोळे मिटू लागल्यावर मागवलेला चहा बैठक संपता संपता कामाला येतो. अडीचची बैठक असेल तर चहा दोनलाच घ्यावा. मात्र संध्याकाळी पाचनंतर याच चहाचा मोह आवरावा. शरीरातले निम्मे कॅफीन निघून जायलाच सरासरी पाच तास लागतात. म्हणजे आजच्या बैठकीसाठी घेतलेला चहा रात्रीची झोप खातो आणि उद्याच्या बैठकीतल्या डुलकीची सोय करून ठेवतो.

कॅफीन नको असेल तर पाणी प्यावे. भरपूर पाणी प्यायलेला माणूस तासाभराने कोणत्याही स्लाइडच्या मध्येच उठून बाहेर जातो, चार पावले चालतो, तोंडावर पाण्याचा हबका मारतो आणि ताजातवाना होऊन परततो. या कारणाला हरकत घेणारा साहेब अजून जन्माला यायचा आहे.

सहावी युक्ती : पाठदुखीचे निमित्त

बसून झोप येते, उभ्याने येत नाही. लोकलच्या दारात लटकणाऱ्यांचा अपवाद सोडून देऊ. 'पाठ जरा धरली आहे' असे सांगून भिंतीपाशी उभे राहावे. लोक सहानुभूती दाखवतात आणि आपण जागे राहतो. ब्रिटनमधल्या प्रिव्ही कौन्सिलच्या बैठका प्रथेनुसार उभ्यानेच होतात. राजासमोर मंत्री खुर्चीत सैलावत नाहीत आणि कामकाज काही मिनिटांत उरकते. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी १९९९ साली बसून आणि उभ्याने होणाऱ्या बैठकांची तुलना केली. बसून झालेल्या बैठकांना ३४ टक्के अधिक वेळ लागला, पण त्यांतले निर्णय काही अधिक चांगले निघाले नाहीत. खुर्ची निर्णयाला मदत करीत नाही, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

उभे राहणे शक्यच नसेल तर टेबलाखालची कसरत करावी. चवड्यांवर जोर द्यावा, पोटऱ्या ताठ करून सोडाव्यात, दोन्ही तळवे एकमेकांवर दाबावेत. चेहरा निर्विकार ठेवला म्हणजे झाले.

सातवी युक्ती : बैठकीचा हिशेब

गणित हा झोपेचा शत्रू आहे, विशेषतः ते पैशाचे असेल तर. समजा, बारा जण दोन तास बसले. झाले २४ मनुष्यतास, म्हणजे एका माणसाचे आठ तासांचे तीन दिवस. प्रत्येकाच्या तासाची किंमत सरासरी ३०० रुपये धरली तरी बैठकीचा खर्च ७,२०० रुपये. त्यात चहा-बिस्किटे धरलेली नाहीत. आणि याच बैठकीत पंचवीस मिनिटे वाद चाललेला असतो तो झेरॉक्सच्या कागदावर महिन्याला चारशे रुपये कसे वाचवावेत यावर! सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७ साली हीच विसंगती सूत्रात बांधली. अणुभट्टीचा प्रचंड खर्च समिती काही मिनिटांत मंजूर करते, कारण तो कुणालाच कळत नाही. आणि सायकली ठेवायच्या छपरावर तासभर वाद घालते, कारण त्यावर प्रत्येकाचे मत असते. हा हिशेब मांडताना झोप उडतेच. काहींचा रक्तदाबही वाढतो, तेव्हा बेताने.

शेजारधर्म आणि मुचकुंद

शेजारी बसलेल्या सहकाऱ्याशी आधीच करार करून ठेवावा, की डुलकी दिसली तर हलकेच कोपराने ढोसायचे. हा करार केलेला नसेल तर मात्र सावध राहावे. भागवतातल्या मुचकुंद राजाला वर होता, की त्याची झोप मोडणारा त्याच्या दृष्टीने भस्म होईल. कालयवनाने त्याला लाथ मारली आणि तो जागच्या जागी भस्म झाला. कार्यालयात दचकून जागा झालेला वरिष्ठ सहकारी मुचकुंदाहून फार वेगळा नसतो. भस्म होण्याचा मुहूर्त तेवढा वार्षिक मूल्यमापनापर्यंत लांबतो.

काही युक्त्या मात्र कटाक्षाने टाळाव्यात. गडद चष्म्याने डोळे झाकतात, घोरणे नाही. टेबलाखाली मोबाइलवर खेळत बसले की चेहऱ्यावर पडणारा उजेड चहाडी करतो. 'डोळे मिटून अधिक नीट ऐकू येते' हा बचाव प्रत्येक नोकरीत एकदाच चालतो. २०२० च्या टाळेबंदीपासून रुळलेल्या दूरस्थ बैठकांत कॅमेरा बंद करून झोपण्याची सोय झाली खरी. परंतु माइक बंद करायला विसरलेल्या कुणाचे तरी घोरणे साऱ्या विभागाने ऐकल्याचे किस्सेही तेव्हापासूनच ऐकू येतात. अशा बैठकीत फक्त ऐकायचेच असेल तर फोन कानाला लावून घरातल्या घरात येरझारा घालाव्यात. पाय चालतात तोवर मानही ताठ राहते.

थट्टा कुठे थांबवावी?

एवढे सगळे करूनही झोप आवरत नसेल, तर मात्र विनोद बाजूला ठेवावा. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातले डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली दिवसा येणारी झोप मोजण्यासाठी आठ प्रश्नांची एक श्रेणी तयार केली. आज ती जगभरातले डॉक्टर वापरतात. वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, कुणाशी बोलताना डुलकी येण्याची शक्यता किती, असे ते प्रश्न आहेत. त्यांतला एक प्रश्न आहे नाट्यगृहात किंवा बैठकीत नुसते बसून राहण्याचा! प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २४. बेरीज दहाच्या वर गेली तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. कंटाळवाण्या बैठकीत डुलकी येणे हे माणूसपणाचे लक्षण आहे. पण समोरच्याशी बोलता बोलता किंवा सिग्नलला गाडी थांबल्यावर डोळा लागत असेल, तर दोष बैठकीचा नाही.

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे, सकाळी डोके जड राहणे ही झोपेतील श्वसनरोधाची लक्षणे असू शकतात. रक्तातले लोह कमी होणे, थायरॉइडचे विकार, सर्दी-ॲलर्जीची काही औषधे यांमुळेही दिवसा झापड येते. आपल्याकडे घोरण्याची चेष्टा होते आणि तपासणी राहून जाते. खरा धोका संध्याकाळी असतो. झोप अनावर झालेल्या माणसाला काही सेकंदांच्या सूक्ष्म डुलक्या येतात आणि त्या आल्याचे त्याला कळतही नाही. सभागृहात अशा डुलकीत फार तर एक स्लाइड निसटते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चार सेकंदांत ११० मीटरहून अधिक अंतर चालकाविना कापते. दुपारच्या बैठकीत ज्याची मान तीनदा पडली, त्याने त्या रात्री गाडी स्वतः चालवू नये, इतके साधे पथ्य एखाद्या घरावरची आपत्ती टाळू शकते.

खरा उपाय अध्यक्षांच्या हाती

या साऱ्या युक्त्यांत एक समान सूत्र आहे. नक्षी काढणारा, शब्द मोजणारा, इतिवृत्त लिहिणारा, प्रश्न विचारणारा, उभा राहणारा. प्रत्येकाने बैठकीने न दिलेले काम स्वतःहून शोधून काढलेले असते. म्हणजे हे काम मुळात बैठक बोलावणाऱ्याने द्यायला हवे होते. ज्याला बोलायचे नाही, ठरवायचे नाही आणि नंतर काही करायचेही नाही, त्याला बोलावलेच कशाला? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संघटनेने शत्रुप्रदेशातल्या सामान्य नागरिकांसाठी घातपाताची एक पुस्तिका १९४४ साली काढली होती. यंत्रे बिघडवण्याच्या उपायांबरोबर तिच्यात असाही सल्ला होता, की प्रत्येक विषय समितीकडे सोपवा, लांबलचक भाषणे करा आणि महत्त्वाचे काम खोळंबले असताना बैठका घ्या. शत्रूचा कारभार ठप्प करण्यासाठी योजलेली ही शस्त्रे आपण आपल्याच कचेरीत रोज परजतो.

तेव्हा बैठका घेणाऱ्यांसाठी चार साधी पथ्ये. निर्णयाची बैठक शक्यतो सकाळी घ्यावी. दुपारी एक ते चारचा काळ फिरतीच्या किंवा हातच्या कामाला ठेवावा. विषयपत्रिका आदल्या दिवशी द्यावी आणि प्रत्येक विषयापुढे कुणाकडून काय हवे ते लिहावे. पाऊण तासानंतर पाच मिनिटे दार उघडावे, माणसांना आणि हवेला मोकळे सोडावे. आणि जे पत्राने कळवता येते त्यासाठी माणसे जमवू नयेत. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केले. त्याऐवजी काही पानांचे टिपण सर्वांनी बैठकीतच आधी शांतपणे वाचायचे आणि मग चर्चा, अशी पद्धत घातली. वाचणाऱ्याच्या हाताला, डोळ्याला आणि डोक्याला एकदमच काम मिळते.

झोपेकडे पाहण्याची दृष्टीही थोडी सैल करायला हरकत नाही. जपानमध्ये बैठकीत बसल्या बसल्या लागलेल्या डुलकीला 'इनेमुरी' असा शब्द आहे. उपस्थित राहून झोपणे, असा त्याचा अर्थ. माणूस कामाने इतका थकला आहे, असे समजून तिकडे अशा झोपेकडे अनेकदा कानाडोळा केला जातो. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांब पल्ल्याच्या विमानांतल्या वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती देऊन पाहिली. त्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली आणि नंतरच्या प्रवासात ते अधिक सतर्क राहिले. बंगळुरूच्या वेकफिट या गाद्या बनवणाऱ्या कंपनीने २०२२ साली कर्मचाऱ्यांना दुपारी दोन ते अडीच ही वेळ अधिकृतपणे झोपेसाठी दिल्याचे जाहीर केले. गाद्यांच्या कंपनीने झोपेची जाहिरात करावी यात नवल नाही. पण जी वामकुक्षी आपण पुण्याची थट्टा म्हणून हसण्यावारी नेली, ती आता आधुनिक व्यवस्थापनाच्या नावाने परत येते आहे, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

तोवर वहीच्या समासात एखादी वेल काढावी, पाण्याची बाटली जवळ ठेवावी आणि शेजाऱ्याशी करार पक्का करावा. आणि कधी आपल्यालाच बैठकीचे अध्यक्षपद भूषवावे लागले, तर समोरच्या माना मोजाव्यात. तीनपेक्षा अधिक डोलू लागल्या की स्लाइड कितवीही असो, चहा मागवावा आणि बैठक संपवावी. उरलेल्या स्लाइड्स कुणी मागितल्या तर पाठवून द्याव्यात. बहुधा कुणी मागणार नाही!